महाराष्ट्राच्या ४८ खासदारांना खुलं पत्र : शुक्रवारी दुपारी सभागृहात थांबा

सन्माननीय खासदार साहेब, खासदार ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुणा एकाला नाही, लोकसभेतल्या सगळ्या ४८ जणांना आहे, आणि राज्यसभेतल्या १९ जणांनी वाचलं तर आनंदच आहे. पक्ष कुठला, सत्तेत की विरोधात, ते मी बघत नाहीये. मागणं अगदी छोटं आहे. अधिवेशन चालू असताना शुक्रवारी दुपारी बॅग भरून दिल्लीच्या विमानतळाकडे निघू नका, सभागृहात थांबा. साधारण साडेतीन ते सहा असे ते अडीच तास खासगी सदस्यांच्या कामकाजाचे असतात, एका शुक्रवारी बिलं आणि पुढच्या शुक्रवारी ठराव. मंत्री नसलेला कुठलाही खासदार, मग तो सत्ताधारी पक्षाचा का असेना, स्वतः लिहिलेलं बिल तेव्हा मांडू शकतो, आणि त्यावर सहसा पक्षाचा व्हीप, म्हणजे असंच मत द्या असा आदेश, नसतो. म्हणजे आख्ख्या आठवड्यात तुम्ही तुमच्या डोक्याने बोलाल आणि तुमच्या मनाने मत द्याल अशी ती हक्काची वेळ, आणि नेमकी तीच रिकामी जाते.

मी सिंधुदुर्गातला मतदार. आमचा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेआधी राजापूर म्हणून ओळखला जायचा आणि तिथून १९५७, ६२ आणि ६७ असे तीनदा बॅरिस्टर नाथ पै निवडून गेले. वेंगुर्ल्याचा माणूस. आमच्याकडे त्यांच्या नावाच्या शिक्षणसंस्था आहेत, बेळगावात त्यांच्या नावाचं सर्कल आहे, चिपीच्या विमानतळाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं, जयंतीला हार घातले जातात आणि भाषणात हमखास म्हटलं जातं की नाथ पै म्हणजे फर्डे वक्ते. वक्ते तर होतेच. पण ते बोलले काय, कशासाठी बोलले आणि त्यातून देशाचं काय झालं हे विचारलं तर फार थोड्यांना सांगता येतं, आणि मला राहून राहून वाटतं की हार घालणाऱ्या लोकप्रतिनिधींनी तरी ते एकदा शांतपणे वाचायला हवं. म्हणून आज त्यांच्या एकाच बिलाबद्दल जरा सविस्तर लिहितोय.

गोष्ट १९६७ ची. पंजाबात जालंधरकडे गोलकनाथ नावाचं एक कुटुंब होतं, त्यांची पाचशे एकरांच्या आसपास जमीन. पंजाबच्या १९५३ च्या जमीन कायद्याखाली त्यातली बरीचशी जमीन जादा ठरली, कुटुंब सुप्रीम कोर्टात गेलं, आणि प्रश्न उभा राहिला तो जमिनीपेक्षा कितीतरी मोठा, की घटनेने दिलेले मूलभूत हक्क संसद घटनादुरुस्ती करून कमी करू शकते का. त्याआधी १९५१ ला आणि पुन्हा १९६४ ला कोर्टाने हो म्हटलं होतं. २७ फेब्रुवारी १९६७ ला अकरा न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने सांगितलं की नाही, यापुढे करू शकत नाही. आधी झालं ते झालं, पण इथून पुढे घटनेतल्या मूलभूत हक्कांच्या भागाला संसदेने हात लावायचा नाही. मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्कांतच होता हे लक्षात घ्या, म्हणजे कसेल त्याची जमीन म्हणणाऱ्या उद्याच्या कुठल्याही कायद्याला यातून अडथळा येऊ शकत होता.

चौथ्या लोकसभेची निवडणूक नुकतीच झाली होती. सगळा देश सरकारं कुणाची बनतात, कुठे पडतात याच गडबडीत. काँग्रेस ५२० पैकी २८३ वर आली होती आणि नाथ पैंचा प्रजा समाजवादी पक्ष होता फक्त १३ खासदारांचा. अशा वेळी ७ एप्रिल १९६७ ला, म्हणजे निकालाला दीड महिनाही व्हायच्या आत, नाथ पैंनी लोकसभेत खासगी बिल आणलं. घटनेतल्या कुठल्याही तरतुदीत, मूलभूत हक्कांसकट, कलम ३६८ ची, म्हणजे घटनादुरुस्तीची, पद्धत पाळून दुरुस्ती करायचा अधिकार संसदेला आहे हे स्पष्ट करणारं बिल. देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने दिलेल्या निकालावर सरकार काय करायचं याचा अजून विचारच करत होतं, आणि तेरा जणांच्या पक्षातला कोकणचा एक खासदार लेखी उत्तर घेऊन उभा राहिला.

यात मला सगळ्यात मोठी वाटते ती एक गोष्ट सांगतो. या बिलाने ताकद वाढणार होती ती बहुमतवाल्यांची, आणि बहुमत नाथ पैंच्या विरोधकांकडे होतं. तेव्हा अनेकांना भीती वाटली की तुम्ही विरोधी पक्षात बसून सरकारच्या हातात तलवार देताय. नाथ पैंची बाजू अशी होती की शेवटी सार्वभौम कोण तर जनता, जनतेने निवडलेल्या संसदेने काय बदलायचं आणि काय नाही हे कायमचं बांधून टाकलं तर शांततेच्या मार्गाने समाज बदलायचा रस्ताच बंद होतो. कोकणातल्या माणसाला हे तीव्रतेने जाणवणार हे साहजिक आहे असं मला वाटतं, कारण आमच्याकडे खोती होती. कुळाने राबायचं आणि धान्य खोताच्या कोठारात जायचं हे पिढ्यान् पिढ्या चाललं होतं, आणि ते कायद्यानेच मोडलं.

इथे आणखी एक आठवण करून देतो कारण ती फार लोक विसरलेत. खोती मोडण्याचं बिल पहिल्यांदा आणलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, १९३७ च्या सप्टेंबरात, मुंबई विधानसभेत, आणि तेसुद्धा खासगी सदस्य म्हणून. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चाने आले. बिल तेव्हा पास झालं नाही. खोती संपवणारा कायदा आला तो १९४९ मध्ये, बारा वर्षांनी. आता कुणी म्हणेल बिल पास झालंच नाही तर बाबासाहेबांनी ते मांडून काय मिळवलं? त्यांनी ती मागणी कागदावर, कलमांच्या भाषेत, सभागृहाच्या नोंदीत आणून ठेवली, आणि एकदा ती तिथे आली की पुढच्या प्रत्येक सरकारला तिच्याकडे बघावं लागलं. खासगी बिलाचं खरं काम हेच असतं.

नाथ पैंच्या बिलाचंही तसंच झालं. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, समितीने रिपोर्ट दिला, परत सभागृहात चर्चा, बाजूने बोलणारे आणि कडाडून विरोध करणारे, कायदेपंडित वर्तमानपत्रांतून लिहितायत, बार असोसिएशनवाले भांडतायत, आणि हे चाललं दोन-तीन वर्षं. सरकार कधी बाजूने झुकतंय, कधी मागे सरतंय. पुढे १९६९ मध्ये काँग्रेसच फुटली, आणि २७ डिसेंबर १९७० ला लोकसभाच बरखास्त झाली त्याबरोबर बिल मेलं. त्यानंतर महिन्याभरातच, १८ जानेवारी १९७१ ला, नाथ पै बेळगावात गेले. आदल्या दिवशी सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या सभेत बोलले होते. वय ४८. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकसभेने चोविसावी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि तिचा गाभा तोच होता जो नाथ पैंनी १९६७ मध्ये मांडला होता. फक्त आता ती सरकारने आणली होती आणि सरकारकडे ३५२ खासदार होते.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल तरी सांगतो, कारण त्याशिवाय हे अर्धवट राहील. १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी, सात विरुद्ध सहा, असा मधला मार्ग काढला की संसद घटनेत दुरुस्ती करू शकते पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. मग आणीबाणी आली. बेचाळिसाव्या दुरुस्तीत असं लिहून टाकलं गेलं की घटनादुरुस्तीला कुठल्याच कोर्टात आव्हान देता येणार नाही, लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं केली गेली. मुदत आधीच साध्या कायद्याने वाढवली तेव्हा आपले मधू लिमये, मूळचे पुण्याचे पण बिहारच्या लोकांनी निवडून दिलेले, तुरुंगात होते आणि तिथूनच त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला, लोकांनी मला पाच वर्षांसाठी पाठवलंय त्यापुढे मी बसणार नाही या एका मुद्द्यावर. कोर्टाचा दरवाजा बंद करणारी ती तरतूद शेवटी १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालात रद्द झाली.

म्हणजे माझं मत विचाराल तर नाथ पैंच्या बिलाला विरोध करणाऱ्यांची भीती खरी निघाली, १९७५ ते ७७ मध्ये दिसलं की अमर्याद अधिकार हातात आले की काय होतं, आणि आज मला १९७३ चा मधला मार्गच जास्त सुरक्षित वाटतो. नाथ पै माझ्यासाठी फार मोठे आहेत तरी हे म्हणायला मला संकोच वाटत नाही. आणि त्यांचं मोठेपण यात कणभरही कमी होत नाही कारण देशाने तो प्रश्न अंधारात सोडवला नाही. १९७१ मध्ये सरकार बहुमताच्या जोरावर दुरुस्ती घेऊन आलं त्याआधी दोन-तीन वर्षं त्यावर उघड वाद झालेला होता, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद समितीच्या रिपोर्टात आणि लोकसभेच्या नोंदींत छापून तयार होते, आणि हे सगळं घडलं कारण एका विरोधी खासदाराने स्वतः बसून बिल लिहिलं.

आता आजचं बघू. स्वातंत्र्यानंतर आजवर खासगी सदस्यांची फक्त १४ बिलं कायदा झालीत आणि शेवटचं झालं १९७० मध्ये. त्यातलं एक फिरोज गांधींचं, १९५६ चं, संसदेत काय बोललं गेलं ते छापल्याबद्दल पत्रकारावर खटला भरता येऊ नये म्हणून. २०१५ मध्ये तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं बिल राज्यसभेत मंजूर झालं तर बातमी अशी झाली की पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा एका सभागृहाने खासगी बिल पास केलं. गेल्या, म्हणजे सतराव्या लोकसभेत सातशेहून जास्त खासगी बिलं मांडली गेली आणि प्रत्यक्ष चर्चा झाली ती फक्त दोनांवर. पहिली लोकसभा पाच वर्षांत ६७७ दिवस बसली होती, सतरावी २७४ दिवस. त्या आख्ख्या पाच वर्षांत लोकसभेला उपाध्यक्षसुद्धा नव्हते. सरकारी बिलांपैकी समितीकडे गेली ती जेमतेम १६ टक्के. कोरमसाठी, म्हणजे कामकाज चालायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, दहावा हिस्सा लागतो, म्हणजे ५४३ मध्ये ५५ जण, आणि तेवढेही बसलेले नाहीत म्हणून शुक्रवारचं कामकाज आटोपतं घ्यावं लागलंय असंही झालेलं आहे. महाराष्ट्राचे ४८ जण फक्त जागेवर बसून राहिले तरी कोरम होत आला की हो.

तुमची अडचण मला कळते. शनिवार-रविवार मतदारसंघात लग्नं असतात, बारसं असतं, सप्ताह असतो, कुणाच्या बदलीचं पत्र, कुणाच्या अॅडमिशनचं पत्र, आणि खासदार आले नाहीत तर गावात चर्चा होते. आम्ही मतदार तुम्हाला विचारतो ते पाच कोटींच्या खासदार निधीतून किती समाजमंदिरं झाली आणि किती हायमास्ट लागले. निधीची ही योजना आली १९९३ मध्ये, नाथ पैंच्या काळात तसलं काही नव्हतं, खासदाराने मतदारसंघात दाखवायचं काय तर दिल्लीत केलेलं काम. आणि म्हणून ते मतदारसंघाला विसरले असंही नाही. कोकण रेल्वेचा प्रश्न नाथ पैंनी संसदेत लावून धरला, त्यांच्यानंतर १९७१ पासून १९९१ पर्यंत राजापूरचे खासदार राहिलेले प्रा. मधू दंडवते तोच धरून बसले, १९९० मध्ये दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे कॉर्पोरेशन उभं राहिलं आणि १९९८ च्या जानेवारीत रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा मार्ग सुरू झाला. आज गणपतीला आख्खी मुंबई त्या रेल्वेने गावी येते. ही रेल्वे खासदार निधीतून झालेली नाही, वर्षानुवर्षं सभागृहात बोलून झालेली आहे. त्यामुळे राष्ट्रीय धोरणावर बोलत बसलो तर मतदारसंघाचं काय, हा प्रश्न निदान आम्हा कोकणवाल्यांना तरी कुणी विचारू नये.

आता नेमकं काय करावं, तेही सांगतो, नुसतं करा म्हणून उपयोग नाही.

१९६७ ला कोर्टाच्या निकालातून नाथ पैंचं बिल निघालं. तसाच एक निकाल आज पडून आहे. २१ जानेवारी २०२० ला मणिपूरच्या एका पक्षांतराच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने संसदेला सुचवलं की आमदार-खासदारांच्या अपात्रतेचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांकडेच ठेवायचा का याचा पुन्हा विचार करा, कारण अध्यक्ष स्वतः एका पक्षाचे असतात, त्याऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरण नेमता येईल. असाधारण कारण नसेल तर साधारण तीन महिन्यांत निर्णय व्हावा असंही कोर्ट म्हणालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, जून २०२२ मध्ये, आपल्याच राज्यात शिवसेना फुटली. मे २०२३ मध्ये घटनापीठाने अध्यक्षांना वाजवी मुदतीत निर्णय घ्यायला सांगितलं आणि निर्णय आला १० जानेवारी २०२४ ला. कोण बरोबर कोण चूक या वादात मी इथे जात नाही, तुम्ही त्या वादाच्या दोन्ही बाजूंना आहात आणि तुमची मतं तुमच्यापाशी. पण निर्णयाला किती वेळ लागावा आणि तो कुणी द्यावा, याचा त्रास आज एका पक्षाला झाला तर उद्या दुसऱ्याला होणार आहे. दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, १९८५ ला घटनेत आलं तेव्हा हे कुणाच्या डोळ्यांसमोर नसेल, आज तर आहे ना. मग महाराष्ट्राच्या खासदारांइतका हा विषय जवळून कुणी पाहिलाय? तुमच्यातल्या एकाने बिल मांडावं, दुसऱ्या पक्षाच्या एकाने त्याला दुरुस्ती सुचवावी, तिसऱ्याने विरोधात बोलावं, पण बोलावं. विरोधातलं चांगलं भाषणसुद्धा आम्हाला हवंय.

हा एक विषय झाला. असे कितीतरी आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातबंदी आली आणि मे २०२४ पर्यंत राहिली, नाशिक-नगरच्या शेतकऱ्याला विचारा त्या महिन्यांत काय झालं. निर्यातबंदी लावण्याआधी संसदेला कळवायची, ठरावीक मुदतीनंतर ती आपोआप संपायची काही तरतूद असावी का, यावर कुणी बिल का लिहू नये? सुप्रियाताई सुळे यांनी २०१८ मध्ये ऑफिसच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारं बिल मांडलं तेव्हा आयटीतली पोरं पुण्याच्या टपऱ्यांवर त्यावर बोलत होती. कायदा झाला नाही, पण विषय घराघरांत गेला. बॅलटमध्ये, म्हणजे कुणाचं बिल घ्यायचं त्या सोडतीत, नंबर लागेल की नाही हे नशिबावर आहे हे मान्य. नोटीस महिनाभर आधी द्यावी लागते, लिहायला माणूस लागतो, हेही मान्य. पण आपल्या लॉ कॉलेजांतली हुशार मुलं अशा कामासाठी जीव टाकतील, त्यांना विचारून तर बघा.

आणि बोललात की ते आमच्यापर्यंत पूर्ण येऊ दे. सध्या आम्हाला मिळते ती तीस-चाळीस सेकंदांची रील, खाली ढोल-ताशाचं म्युझिक आणि वर "संसदेत गाजले" अशी पट्टी. त्यात तुम्ही कुणाला तरी सुनावताय एवढंच कळतं, मुद्दा काय होता, मंत्र्यांनी उत्तर काय दिलं, ते कापलेलं असतं. आख्खं भाषण टाका, मराठीत दोन पानं लिहून टाका, मंत्र्यांचं उत्तरही टाका. आम्ही वाचू. आमच्या गावाकडे अजून चहाच्या टपरीवर पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचून त्यावर वाद घालणारी माणसं आहेत, त्यांना कमी लेखू नका.

मतदार म्हणून माझ्याकडून मी एवढं करेन. पुढच्या निवडणुकीत तुमच्यापैकी जे कुणी आमच्याकडे मत मागायला याल त्यांना मी हायमास्ट विचारणार नाही, तुम्ही कुठलं बिल मांडलं, कुठल्या शुक्रवारी बोललात आणि काय बोललात हे विचारेन, आणि माझ्या ओळखीच्या सगळ्यांना तेच विचारायला सांगेन. पक्ष बघून प्रश्न बदलणार नाही.

पुढच्या अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की नोटिशीच्या मुदतीत तुम्ही कुठल्या विषयावर बिल देताय ते तुमच्या पेजवर टाका. विषय ठरला नसेल तर मतदारसंघात एक जाहीर बैठक लावा आणि लोकांना विचारा. कुडाळला, मालवणला, सावंतवाडीला, कुठेही लावलीत तरी आम्ही येऊ, आणि मांडायचे विषय लिहून घेऊन येऊ.

आपला नम्र,
रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघातला एक मतदार